मेंदूतील पेशींचा संवाद आणि आजार : संशोधनाकडे कसे वळावे?

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकून आता बेळगावात बीएस्सी करणाऱ्या आपल्या भाचीला मेंदूविज्ञानात संशोधन करायचे आहे, तर तयारी काय करावी, असे आपण विचारले आहे.

विषय नेमका समजावा म्हणून एक उदाहरण देतो. दोन चेतापेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. विद्युतस्पंद टोकाशी पोचला की कॅल्शियम आत शिरते, रसायनाच्या पिशव्या फटीत रिकाम्या होतात आणि पलीकडच्या पेशीला निरोप मिळतो. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारात डोपामिन हे निरोप नेणारे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणजे निरोप धाडणाराच उरत नाही. पेशींमधला हा निरोप मोजण्यासाठी उंदराच्या मेंदूचा सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचा जिवंत काप खारट द्रावणात ठेवून, काचेच्या नळीचे केसाहून बारीक टोक एकाच पेशीला चिकटवतात. या तंत्रासाठी नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले. हात बसायला महिनोन्‌महिने लागतात, आणि दिवसभरात एकही पेशी नीट न लागणे यात नवल नाही. म्हणून गुणांपेक्षा चिकाटी मी अधिक मोलाची मानतो.

बंगळुरूला रात्रीच्या रेल्वेने जाता येते, आणि तेथे निम्हान्स (मानसिक आरोग्य व चेताविज्ञानाची राष्ट्रीय संस्था), भारतीय विज्ञान संस्था व एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) या तिन्ही ठिकाणी हे काम चालते. भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी तिने पदवीच्या काळातच अर्ज करावा. भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र मात्र सोडू नये. जीवशास्त्राची मुले नेमकी तिथेच अडतात. इंग्रजीची धास्ती नको, ती प्रयोगशाळेत वावरताना येते.