१५ वर्षं झालेली मॉडिफाय थार आरटीओत रीपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) होईल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: २०११ ची थार सीआरडीई (जुन्या थारचं डिझेल मॉडेल), सेकंडहँड घेतलेली. वर फायबरचा हार्डटॉप, २६५/७५ आर १६ टायर, पुढे बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड), छतावर एलईडी बार, मोकळा सायलेन्सर आणि रंग मॅट मिलिटरी हिरवा. आरसीची १५ वर्षं भरत आली आहेत आणि एजंट म्हणतोय, "पंधरा हजार द्या, गाडी न आणता करून देतो."

पासिंग होईल, पण आहे त्या अवतारात नाही. आणि एजंटची ती ऑफर आधी डोक्यातून काढा. अर्ज भरायला, रांग सांभाळायला एजंट लावा, त्यात काही वावगं नाही. पण गाडी न दाखवता मिळालेल्या पासिंगचा उपयोग फक्त नाक्यावर. उद्या अपघात झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर फोटो काढणार, आरसी शेजारी धरणार आणि रंगापासूनच प्रश्न सुरू करणार.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज आहे. जीप, बोलेरो, थार याच गाड्या जास्त येतात, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ रोजचा आहे. लोकांचा समज असा असतो की साहेबांना, म्हणजे आरटीओच्या निरीक्षकांना, मॉडिफिकेशन आवडत नाही म्हणून ते अडवतात. तसं नाही. साहेबांच्या हातात तुमची आरसी असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील मालकाने परस्पर बदलायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठाम सांगितलं, तेव्हापासून निरीक्षक जास्त कडक झाले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूदही आली. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. तुमच्या गाडीवर मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत.

सगळ्यात आधी रंग. मला तुमच्या गाडीत खरी काळजी त्याचीच वाटते. रंग आरसीवर लिहिलेला असतो. साधा पांढऱ्याचा काळा केला असता तर अर्ज करून, गाडी दाखवून आरसीवर नवा रंग चढवून घेता आला असता. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. तो आरसीवर चढणारच नाही. तुमचा हिरवा नेमका ऑलिव्ह आहे की गडद बाटली हिरवा, यावर आरटीओच्या आवारात वाद घालत बसू नका. रॅप (वर चिकटवलेली रंगीत फिल्म) असेल तर सोलून टाका, हेअर ड्रायरने ऊब दिली की सावकाश निघतो. पेंट असेल तर मूळ रंगात परत मारून घ्या. दाराच्या आतल्या कडा आणि बॉनेटखालचा भागही विसरू नका, साहेब बॉनेट उघडतातच.

आता हार्डटॉप. नवी थार २०२० मध्ये आली तिला कंपनीच हार्डटॉप देते. जुन्या सीआरडीईला कंपनीचं कॅनव्हासचं हूडच असायचं. तुमचा फायबरचा आहे म्हणजे बहुतेक नटबोल्टवर बसवलेला असणार. तो उतरवा आणि हूड चढवा. जुनं हूड मूळ मालकाकडे पडलेलं असतं, एकदा फोन करून बघा, नाहीतर स्पेअरच्या दुकानात मिळतं. कुणी पत्रा वेल्ड करून टप बनवला असता तर मी तुम्हाला इतक्या सहज "होईल" म्हटलं नसतं. मागच्या आडव्या सीट काढून समोर तोंडाच्या बसवल्या असतील तर आरसीवरचा सीटचा आकडा जुळतोय का, तेही बघा.

टायरवर थोडा जास्त वेळ घेतो, कारण इथे पासिंगपेक्षा तुमचा जीव महत्त्वाचा. सीआरडीईचा मूळ टायर २३५/७० आर १६, त्याचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. तुमच्या २६५/७५ चा ८०४ च्या आसपास. म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त फरक. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ च्या पुढे पळत असते. ब्रेक मात्र तेवढेच राहिले, चाक मोठं झालं, त्यामुळे पायाखाली दाबताना जोर तसा कमी मिळतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकाच्या आत टॉर्च मारा. चेसीसवर किंवा मडगार्डच्या आत काळा, चकचकीत घासल्याचा पट्टा दिसला तर निरीक्षकालाही तो दिसणार. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर आलेला असेल तर ते लांबूनच कळतं. कंपनीच्या साईजचे टायर रिमसकट कुणाकडून तरी मागून आणण्यापेक्षा सरळ विकत घ्या. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, तेव्हा स्वस्तात गुळगुळीत जोड आणू नका.

मोठे टायर बसावेत म्हणून पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे सस्पेन्शनचे दांडे) आवळून गाडी उचललेली असते, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. ते खाली आणून अलाइनमेंट करा. गाडीचं नाक वर असलं की हेडलाइटचा झोतही वर जातो, आणि समोर आठ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यावर डिपर आदळू नये असा नियम आहे. ९०/१०० वॅटचे बल्ब असतील तर काढून ६०/५५ चे साधे एच-४ लावा.

एलईडी बारवर नुसतं काळं कव्हर घालून चालत नाही. पुढच्या बाजूला स्पॉट लाइट लावायलाच नियम १११ ची मनाई आहे. तो ब्रॅकेट आणि वायरिंगसकट काढा, लोंबकळणारी वायर दिसली की साहेबांना पुढचं शोधायची इच्छा होते. बुलबारवर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. मूळ बंपर लावा. सायलेन्सर कंपनीचा. काचांना काळी फिल्म असेल तर तीही काढा, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे.

हे सगळं पासिंगपुरतं करून संध्याकाळी परत चढवणारे खूप आहेत. माझ्याच गॅरेजात येतात. बंपर-सायलेन्सर कोण काय लावतं त्यावर मी कुणाला प्रवचन देत नाही, पण मोठे टायर आणि बुलबार परत बसवून द्यायला मी नाही म्हणतो.

पीयूसी ताजी असू द्या. आरसीवर बीएस-३ असेल तर डिझेल धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं एकक), बीएस-४ असेल तर ५०. कुणी ताकद वाढवायला इंजिन रीमॅप केलेलं (कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) असेल तर ती गाडी काळा धूर ओकणारच, आधी कंपनीचा मॅप परत टाका. एअर फिल्टर बदला आणि पीयूसीवाल्याकडे जाण्याआधी गाडी हायवेवर चांगली गरम करा.

कागदांचं थोडक्यात: फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून कारची नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आहे, उशीर केला तर दर महिन्याला ५०० चा भुर्दंड. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. इन्शुरन्स चालू हवा, थकलेली ई-चलनं भरलेली हवीत, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसवलेली हवी. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेची एनओसी आताच मागा, त्यालाच सर्वात जास्त वेळ जातो.

आणि एक, चेसीस नंबर. निरीक्षक त्यावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतात. तुमच्यासारख्या गाड्यांना खालून जाड काळं कोटिंग मारलेलं असतं आणि नंबर त्याखाली गडप झालेला असतो. आदल्या दिवशी थिनरचा बोळा फिरवून तो मोकळा करा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, आकड्यांभोवती खरवडल्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर नंबर बदलल्याचा संशय येतो आणि मग प्रकरण पासिंगपुरतं राहत नाही.

आरसीवर रंगाच्या आणि बॉडी टाइपच्या पुढे काय लिहिलंय तेवढं खाली लिहा. त्यावरून हार्डटॉपचं नक्की सांगता येईल.