जपानी शिकताना आधी शब्द की आधी व्याकरण?

प्रश्न: ताई, नमस्कार. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही जपानी लिप्या झाल्या, वाचता येतं आता. दोन महिने मोबाइलवर फ्लॅशकार्डचं ॲप रोज वापरतोय, पाचशेच्या वर शब्द पाठ झालेत, पण एक धड वाक्य बोलता येत नाही. मित्र म्हणतो शब्द बंद कर, आधी व्याकरणाचं अख्खं पुस्तक संपव. डिसेंबरला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी, द्यायचीय. काय करू?
– एक वाचक

उत्तर: तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. व्याकरण आता लगेच हातात घ्या, पण त्यासाठी शब्द पूर्ण बंद करू नका.

व्याकरण आधी म्हणते कारण मराठी येणाऱ्याला जपानीचं सुरुवातीचं व्याकरण खूप पटकन येतं, शब्द शिकणं मात्र वर्षानुवर्षं चालतं. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, आणि हे सगळं शब्दाच्या मागून लागतं. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का', इकिमासु का, जाणार का. पुढे 'ताबेते मिरु' येतं, म्हणजे खाऊन बघणं, आणि त्यातल्या 'मिरु'चा मूळ अर्थही बघणंच, तसंच 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. इंग्रजीतून हे समजावायला पानभर लागतं हो, मराठीत एका ओळीत होतं.

आता शब्दांचं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं 'मैत्रिणीला भेटते' याचं 'तोमोदाची ओ आइमासु' केलं होतं. दोन्ही शब्द बरोबर, चुकला तो मधला 'ओ', कारण तिच्या कार्डावर 'आउ (आइमासुचं मूळ रूप) म्हणजे मीट' एवढंच होतं आणि तिनं इंग्रजीच्या हिशोबानं मैत्रिणीला कर्म धरून 'ओ' लावला. मी म्हटलं मराठीत काय म्हणतेस, मैत्रिणी-ला ना, मग तिथे 'नि' लाव, तोमोदाची नि आइमासु. त्यानंतर तिनं सगळी कार्डं बदलली, नुसतं 'आउ' काढून 'नि आउ' लिहिलं. तुम्हीही हेच करा. दार उघडतं याला 'दोआ गा आकु' आणि मी दार उघडतो याला 'दोआ ओ आकेरु', एवढे छोटे तुकडेच पाठ करायचे, सुटा शब्द नाही. 'ओंगाकु गा सुकी', मला संगीत आवडतं, इथेही जी गोष्ट आवडते तिलाच 'गा' लागतो.

मराठी सगळीकडे कामाला येत नाही हेही सांगते. नामाला लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक बरेच महिने त्रास देतो, आणि बरीच विशेषणं भूतकाळात स्वतःच बदलतात, 'ताकाइ'चं (महाग) 'ताकाकात्ता' (महाग होतं) होतं, ते घोकावंच लागतं. क्रियापदांचे गटही. 'किरु' म्हणजे कापणं आणि 'किरु' म्हणजे कपडे घालणं, हिरागानात दोन्ही सारखेच दिसतात पण 'ते' रूपात, म्हणजे 'खाऊन', 'घेऊन' सारख्या रूपात, कापण्याचं 'कित्ते' होतं आणि घालण्याचं 'किते', त्यामुळे कार्डावर अर्थासोबत गटही लिहा.

परीक्षेचंही बघा. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण शिवाय भाषाज्ञान आणि वाचनात १२० पैकी ३८, आणि ऐकण्यात ६० पैकी १९ हवेच, तिथे कमी पडलं तर एकूण कितीही असो, नापास. ऐकताना 'ताबेमासु' (खातो), 'ताबेमासेन' (खात नाही), 'ताबेमाशिता' (खाल्लं) यातलं काय होतं ते शब्दाच्या शेपटावरच कळतं, आणि तिथे नुसती शब्दांची पाठांतरं उपयोगी पडत नाहीत.

रोज एक तास असेल तर सध्या चाळीस मिनिटं व्याकरण, वीस मिनिटं शब्द. भूतकाळ, नकार आणि 'ते' रूप न अडखळता यायला लागलं की उलटं करा. तेव्हा कांजीमुळे, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही अक्षरांमुळे, शब्दही सोपे व्हायला लागतात, 'गाकु' म्हणजे शिकणं हे एकदा डोक्यात बसलं की गाकुसेइ, दाइगाकु, गाक्को, आपल्या विद्यार्थी, विद्यापीठ, विद्यालय सारखं एकातून दुसरं ओळखता येतं.

आणि त्या पाचशे शब्दांचं म्हणाल तर ते अजिबात वाया गेले नाहीत, उद्यापासून त्यातलेच रोज दहा काढायचे, प्रत्येकाचं एक वाक्य वहीत लिहायचं आणि मोठ्यानं दोनदा म्हणायचं.