साताऱ्याच्या आसपास सह्याद्रीत स्थलांतर करणारे गरुड, ससाणे मोजता येतात का? सुरुवात कशी करायची?

मोजता येतात, नक्की येतात. फक्त तुम्ही प्रश्नात लिहिलंय की नेपाळमधला व्हिडिओ बघितला, डोंगराच्या धारेवरनं एकामागनं एक गरुड चाललेत आणि खाली लोक दुर्बिणी लावून बसलेत, आणि तसंच आपल्या कराड-साताऱ्याकडं करायचंय. तेच चित्र डोक्यात ठेवून चाळकेवाडीला जाऊन बसलात तर संध्याकाळी हिरमुसून घरी याल. आपल्याकडं वेगळं चालतं, आणि का वेगळं चालतं हे एकदा कळलं की कुठं बसायचं, काय मोजायचं हे सगळं आपोआप सुटत जातं.

व्हिडिओ बहुतेक पोखऱ्याजवळच्या थुलाखर्कचा असणार. तिथं अन्नपूर्णेच्या पायथ्याच्या डोंगरांवरनं शरदात स्टेप ईगल हजारोंनी जातात, आणि ते दक्षिणेकडं नाही तर पश्चिमेकडं जातात, हिमालय उजव्या हाताला धरून. धरमशाळेला २००१ च्या शरदात मोजणी झाली होती, तिथंही गरुड असेच पश्चिमेकडं चाललेले दिसले. कारण सोपं आहे. गरुडाचं अंग जड, पंख रुंद, एवढ्या लांबचा प्रवास पंख मारत करणं त्याला परवडत नाही. उन्हानं तापलेल्या उतारावरनं गरम हवा वर येते, तिच्यात गोल गोल फिरत चढायचं, मग पंख पसरून पुढच्या डोंगरापर्यंत तरंगत जायचं, तिथं परत चढायचं, असं त्याचं दिवसभर चालतं. म्हणून तो मोठं पाणी टाळतो, आणि हिमालयासारखी भिंत आडवी आली की सगळे तिच्या कडेकडेनं एका वाटेला लागतात. जॉर्जियातलं बातुमी काळा समुद्र आणि कॉकेशसच्या डोंगरांमधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे म्हणून तिथं एका शरदात १० लाखांवर शिकारी पक्षी मोजले जातात, आणि मेक्सिकोतल्या वेराक्रूझला तर ४० लाखांवर.

आपला सह्याद्री उभा पसरलाय, उत्तर-दक्षिण. उत्तरेकडनं येणाऱ्या पक्ष्याच्या वाटेत तो आडवा येतच नाही, आणि पूर्वेला सगळा दख्खन मोकळा पडलाय. त्यामुळं पक्षी विखरून येतात, इथं दोन, तिथं एक, मग तासभर काहीच नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडं येणारे बरेचसे नुसते वरनं जाणारे नसतात, ते इथंच हिवाळा काढतात. म्हणून माझ्या मते साताऱ्या-सांगलीकडं मोजणी दोन प्रकारची: ऑक्टोबर-नोव्हेंबरला कड्यावर बसून दिवसाची, आणि नोव्हेंबरपासनं पुढं माळावर संध्याकाळची. खरं सोनं दुसऱ्या मोजणीत आहे, ते खाली सांगतो.

येतं कोण? मुख्य म्हणजे हॅरियर, मराठीत भोवत्या. माँटेग्यू, पॅलिड आणि मार्श हे तीन धरून चाला. पहिले दोन माळावरचे, कझाकस्तान आणि मध्य आशियाच्या गवताळ भागातनं येतात आणि आपल्याकडं नाकतोड्यांवर, उंदरांवर, छोट्या पक्ष्यांवर जगतात, मार्श पाणथळीचा, तो मायणीसारख्या तलावाकडं बघा. मग केस्ट्रल म्हणजे खरुची, हवेत एका जागी पंख फडफडत उभी राहते ती. बूटेड ईगल, धरणांवर मासे पकडणारा ऑस्प्रे, आणि क्वचित एखादा स्टेप ईगल, तो दिसला तर फोटो काढाच कारण हा पक्षी २०१५ पासनं जागतिक यादीत धोक्यात म्हणून नोंदलाय. आणि अमूर ससाणा. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी, नागालँडच्या दोयांग धरणाजवळ लाखोंनी थांबतो, २०१३ मध्ये तिथं तिघांना सॅटेलाइट टॅग लावले होते तेव्हा कळलं की ते भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावरनं न थांबता सोमालियाला पोचतात. म्हणजे नोव्हेंबरात ते आपल्या महाराष्ट्राच्या डोक्यावरनं जातात, बहुतेक इतक्या उंचावरनं की पत्ता लागत नाही. पण लोणावळ्याकडं काही थांबलेले दिसतात, त्यामुळं त्या दिवसांत घाटमाथ्यावर विजेच्या तारेवर लाल पायांचा छोटा ससाणा दिसला तर खरुची समजून पुढं जाऊ नका.

जागा. साताऱ्यात यवतेश्वर, सज्जनगड, ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार. कासला फुलांचा सीझन संपल्यावर जा, त्याआधी गर्दीत उभं राहून आभाळ बघता येत नाही. सांगलीकडं सागरेश्वर किंवा दंडोबा. पण तुम्ही कराडचे, तर सगळं सोडून सदाशिवगड नाहीतर आगाशिव धरा. जवळची, पुन्हा पुन्हा जाता येईल अशी जागा लांबच्या सुंदर जागेपेक्षा कधीही चांगली, कारण मोजणीला अर्थ येतो तो त्याच जागेवरनं, त्याच महिन्यांत, वर्षानुवर्षं केल्यानं. उत्तरेकडचं आभाळ मोकळं दिसलं पाहिजे आणि पाठीला सावली पाहिजे, ऑक्टोबर हीट काय असते तुम्हाला सांगायला नको.

दिवस निवडताना दसऱ्याच्या मागचे-पुढचे आठवडे घ्या, परतीचा पाऊस ओसरून वारा पूर्वेकडनं यायला लागतो तेव्हा. सकाळी नऊ ते बारा आणि परत तीन ते साडेपाच. मधल्या वेळेत गरम हवा इतकी वर जाते की पक्षी दुर्बिणीतही ठिपका राहत नाही. अगदी निळंशार आभाळ असेल तर उलट त्रास, नजर ठरतच नाही, पांढरे ढग असले की त्यावर काळा ठिपका लगेच उठून दिसतो. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते, त्याहून मोठी घेऊ नका, हात थरथरतो. आणि सूर्याच्या आसपास दुर्बीण अजिबात फिरवायची नाही.

आता खरं मोजायचं कसं. समोर एक रेघ मनात धरा, अमक्या टेकडीपासनं तमक्या टॉवरपर्यंत. ती रेघ ओलांडून जो दक्षिणेकडं निघून गेला तो मोजायचा, जो डोक्यावर घिरट्या घालतोय तो नाही. आपल्याकडं घारी, शिक्रे, कापशी, मोरघार, सर्पगरुड हे वर्षभर इथंच राहणारे, ते दिवसभरात दहा वेळा समोरनं जातील आणि मोजत बसलात तर दहा होतील. गरम हवेत चार-पाच पक्षी एकत्र फिरत असतील तर तेव्हा मोजू नका, वरनं सुटून एका दिशेला घसरायला लागले की मोजा, मेंढरं जशी वाघुरातनं बाहेर पडताना एकेक मोजतात तशी. वहीत दर तासाची वेगळी ओळ: वेळ, वारा कुठनं, ढग किती, बघणारे किती, आणि मग पक्षी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या तासात काही दिसलं नाही त्या तासाचीही ओळ लिहायची, शून्य म्हणून. लोक हेच करत नाहीत. "आज तीन पॅलिड दिसले" असं ग्रुपवर टाकतात, पण किती तास बसून दिसले, किती जणांनी बघितलं, ते कुणी लिहीत नाही, मग पुढच्या वर्षी एक दिसला तर पक्षी कमी झाले की तुम्ही कमी बसलात हे कुणीच सांगू शकत नाही. शून्य लिहिलेली वही ही तीन गरुडांच्या फोटोपेक्षा मोठी गोष्ट आहे असं मी अगदी मनापासनं मानतो.

ओळखीबद्दल. माँटेग्यू आणि पॅलिडचे नर सुटे करता येतात, पण तपकिरी माद्या आणि पोरं लांबनं एकसारखी दिसतात, तिथं हट्ट करू नका, "हॅरियर, माँटेग्यू किंवा पॅलिड" एवढंच लिहा. कड्यावर बसण्याचा एक फायदा मात्र आहे जो माळावर मिळत नाही, पक्षी तुमच्या नजरेच्या खालनं जातो. सज्जनगडाच्या कडेला एकदा माँटेग्यूचा नर असाच गेला, खाली उरमोडीचं पाणी चमकत होतं आणि त्याच्या वरनं हा करडा पक्षी, पंख थोडे वर उचलून धरलेले, आणि वरच्या बाजूला पंखाच्या मधनं गेलेला काळा पट्टा पेनानं ओढल्याइतका स्पष्ट. खालनं बघताना तो पट्टा शोधावा लागतो. पॅलिडच्या नराला तो नसतोच, तो जास्त पांढुरका आणि पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर.

आता संध्याकाळची मोजणी. हॅरियर झाडावर झोपत नाहीत, माळावरच्या गवतात जमिनीवर झोपतात, आणि एकत्र झोपतात. अशा जागेला बर्डर लोक रूस्ट म्हणतात. गुजरातमधल्या वेळावदरला हजारोंचं रूस्ट मोजलं गेलंय, आपल्याकडं तेवढं नाही पण माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर जिथं अजून गवत उभं आहे तिथं शोधलं तर सापडतं. सूर्य टेकायच्या आधी अर्धा तास बघा, एखाददुसरा पक्षी नांगरटीच्या ढेकळांवर नुसताच येऊन बसतो, अंग ढेकळाच्या रंगाचं, हलला नाही तर दिसत नाही. मग अंधारायला लागलं की चारी बाजूंनी जमिनीलगत यायला लागतात, गवतावर दोन-तीन फेऱ्या मारतात, एकदम पाय खाली सोडून गवतात उतरतात, आणि आत बसलेल्या दुसऱ्याशी बिनसलं की परत उठतात. मोजणीची सगळी परीक्षा इथंच. उतरला की अधिक एक, उठला की वजा एक, एक माणूस फक्त बोलत राहतो आणि दुसरा फक्त लिहितो, शेवटच्या उजेडापर्यंत. लांबनं, निदान दोनशे-तीनशे मीटरवरनं, बांधाआड बसून. आत जायचं नाही, टॉर्च मारायचा नाही, ड्रोन तर नाहीच. आणि कृपा करून रूस्टची नेमकी जागा फेसबुक-इन्स्टावर टाकू नका, फोटोवाल्यांच्या गाड्या एका आठवड्यात गवत आडवं करतात.

मला हे सगळं इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हानियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे, तिथं लोक शरदात जमून स्थलांतर करणारे ससाणे-गरुड बंदुकीनं पाडायचे. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाड्यानं घेऊन ते बंद पाडलं आणि मॉरिस ब्राऊनला राखणीला ठेवलं, तो तिथं बसून रोज मोजायला लागला. त्या नोंदींत १९३० च्या दशकात बाल्ड ईगलमध्ये पोरं ४० टक्क्यांच्या आसपास होती, १९५० च्या दशकाच्या शेवटी २० टक्क्यांवर आली, म्हणजे गरुड दिसत होते पण पिल्लं होत नव्हती. रेचल कार्सन या लेखिकेनं १९६२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिलं तेव्हा हेच आकडे पुढं केले. नुसतं "गरुड दिसला" असं लिहिलं असतं तर हे कधी कळलं नसतं, म्हणून तुम्हीही नर, मादी, पोर जेवढं ओळखता येईल तेवढं वेगळं लिहा.

आपल्याकडंच बघा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. जिथं चक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चार पटीनं कमी, आणि ते कमी झाल्यामुळं सरडे वाढलेले, इतके की ते माणसाला जवळ येऊ देतात. हे कळलं कारण कुणीतरी चक्क्यांच्या जागेवर आणि चक्क्या नसलेल्या जागेवर, दोन्हीकडं मोजलं. माणदेशातल्या माळांचं असं कुणी मोजलेलं नसेल आणि उद्या तिथं नांगर फिरला, सोलर बसलं किंवा दरवर्षीसारखा वणवा लागला, तर गेलं काय हेसुद्धा सांगता येणार नाही. कागदावर ती "पडीक जमीन" असते. बंगळुरूची अट्री ही संस्था देशभरातल्या हॅरियरच्या रूस्टांच्या नोंदी ठेवत आलीय आणि बऱ्याच ठिकाणी आकडे खाली चाललेत. सातारा-सांगलीच्या माळांचे आकडे त्यात आपणच घालायचे.

नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका, एका जागी बसून केलेली पूर्ण चेकलिस्ट (दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी) म्हणून, वेळ मिनिटात लिहून. रूस्टचा पिन मात्र नेमका न लावता जवळच्या गावावर लावा.

एकट्यानं जमेल का असंही विचारलंय. कड्यावरचं जमेल, रूस्टचं नाही जमणार, निदान दोघं पाहिजेत. दुसऱ्याला पक्षी ओळखता यायलाच पाहिजेत असं नाही, ऐकून भराभर लिहिता आलं आणि थंडीत तासभर गप्प बसता आलं की झालं, घरातलं आठवी-नववीतलं पोर यासाठी उत्तम. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सदाशिवगडावर नऊ वाजता पोचा, रेघ ठरवा, आणि बारापर्यंत तीन ओळी लिहून या, तिन्ही शून्याच्या असल्या तरी चालतील. कमेंटमध्ये टाका, बघतो मी.