गावाला 'कुलचिन्ह' असतं का?

प्रश्न असा आहे: पोर्तुगालमधल्या काल्दाश दा राइन्या या गावाविषयीच्या मजकुरात 'ब्राझांव' आणि 'बांदेइरा' असे दोन शब्द आले. दुसऱ्याला 'ध्वज' चालेल, पण पहिल्याला 'कुलचिन्ह' म्हणावं की 'बोधचिन्ह'?

ध्वजाचा प्रश्नच नाही. निशाण म्हणा, बावटा म्हणा, चालेल.

ब्राझांव म्हणजे ढालीवर रेखलेली मानाची चिन्हं. 'बोधचिन्ह' म्हटलं की स्पर्धा लावून ठरवलेलं, संमेलनाचं किंवा बँकेचं चिन्ह डोळ्यांपुढे येतं. 'राजमुद्रा' तर कागदावर उमटवायची. राहिलं कुलचिन्ह. पण गावाला कूळ कुठलं? म्हणून मी एरवी सरळ 'नगरचिन्ह' लिहितो. पोर्तुगालमध्ये ते शोभतंही, कारण तिथे ढालीवर बुरुजांचा मुकुट असतो आणि बुरुजांवरून गावाचा दर्जा कळतो. साधारण नियम असा, की 'व्हिला' म्हणजे छोट्या शहराला चार बुरूज, 'सिदाद' म्हणजे मोठ्या शहराला पाच. निशाणाचेही व्हिलाला चार भाग, सिदादला आठ.

पण तुम्ही नेमकं गाव निवडलंत ते अडचणीचं. नावाचा अर्थच 'राणीची उन्हाळी', म्हणजे गरम पाण्याचे झरे. वज्रेश्वरीला गेलेल्यांना हा 'उन्हाळी' शब्द वेगळा सांगायला नको. १४८५ मध्ये लिओनोर राणीने इथल्या गरम झऱ्यांवर इस्पितळ उभारायला घेतलं. गावाच्या चिन्हात मधोमध तिचीच ढाल, एका बाजूला तिचा नवरा राजा दुसरा जुआंव याचा पाणकोळी (पेलिकन पक्षी), स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा. दुसऱ्या बाजूला जे लटकतं ते पहिल्या नजरेला शिंकाळं वाटतं. ते आहे कोळंबी धरायचं जाळं. १४९१ मध्ये राणीचा मुलगा युवराज आफोंसो सांतारेंजवळ तेजो नदीकाठी घोड्यावरून पडून वारला. कोळ्यांनी त्याला जाळ्यात घालून आणलं, अशी कथा आहे. आईने ते जाळंच आपलं चिन्ह केलं.

म्हणजे इथे गाव एका घराण्याची चिन्हं मिरवतंय आणि 'कुलचिन्ह' अगदीच चूक ठरत नाही. तरी मथळ्यात 'नगरचिन्ह' ठेवा, आणि वर्णनात 'राणीच्या कुलचिन्हांवरून घेतलेलं' असं म्हणा.

मला खरं तर 'ब्रीद' आवडलं असतं. विठ्ठलाच्या पायातला ब्रीदाचा तोडर आठवा. ब्रीद ही अंगावर मिरवायची खूण होती. पण आता तो शब्द 'ब्रीदवाक्या'त अडकलाय. मुंबई महापालिकेचं 'यतो धर्मस्ततो जयः' हे ब्रीदवाक्य, पण ते ज्या चिन्हावर आहे त्याला कुणी ब्रीद म्हणत नाही.

एक खबरदारी घ्या. पोर्तुगीज वर्णनात ढालीची 'उजवी' बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. जाळं आणि पाणकोळी यांची अदलाबदल होते ती इथेच.