जोडस्तंभालेख म्हणजे चिकटलेले खांब नव्हेत

खानापूरहून एका पालकांनी विचारलंय: मुलगी आठवीत, मराठी माध्यमात आहे. हिस्टोग्राममधले (सलग गटांत किती जण हे दाखवणाऱ्या आलेखातले) खांब एकमेकांना जोडलेलेच असतात, मग त्याला 'जोडस्तंभालेख' म्हटलं तर काय बिघडलं? आणि मुलांच्या उंचीचे वर्ग, म्हणजे गट, १३१–१३५, १३६–१४० असे दिले असतील तर मध्ये फट ठेवायची का?

बिघडतं, आणि ही चूक आता इतकी कानावर येते की राग येतो. इथला 'जोड' जोडीचा आहे, जोडव्यांतला आणि जोडप्यातला. येळ्ळूर, कडोली, सांबरा इथून शाळेत येणारी मुलं-मुली दाखवायची असतील तर प्रत्येक गावापाशी मुलांचा एक आणि मुलींचा एक असे दोन स्तंभ उभे करतात. तो जोडस्तंभालेख. हिस्टोग्रामला 'आयतालेख' हा चांगला, नेमका शब्द आहे. तो वापरा.

पण मुळात 'स्तंभ' या शब्दाकडेच नीट पाहिलं तर घोटाळा होणार नाही. स्तंभचा प्राकृतात 'थंभ' झाला आणि त्यावरून आपलं 'थांबणे' आलं! स्तंभित झालेला माणूस जागच्या जागी थांबतो, तो याच धातूमुळे. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी प्राकृत व्याकरणात 'थंभ' हे रूप हालचाल नसण्याच्या अर्थी वेगळं नोंदवलं आहे. मात्र लाकडी खांबाचा 'खंभ'ही ते स्तंभातूनच काढतात, आणि तिथे मी त्यांचं मानणार नाही. 'स्त'चा 'ख' करण्याची ओढाताण कशाला? अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात 'स्कंभ' धडधडीत उभा आहे. स्कंभ, खंभ, खांब, किती सरळ वाट! शेजारच्या कन्नडातला 'कंब'ही याच गोतावळ्यातला. तरीही शिकवताना खांब स्तंभातूनच आला असं ठोकून देतात.

तेव्हा माझं म्हणणं असं, की स्तंभालेखातला स्तंभ म्हणजे थांबा. बेळगाव-खानापूर रस्त्यावर पिरनवाडीचा थांबा वेगळा, मच्छेचा वेगळा, दोहोंत अंतर. येळ्ळूर आणि कडोली यांच्या मधे 'अर्धं गाव' नसतं, म्हणून फट. गावांचा क्रम बदला, आलेख खोटा ठरत नाही. आयतालेखाचा आडवा अक्ष हा खुद्द रस्ता. उंची १३५ वरून १४० वर जाताना मधला प्रत्येक बिंदू ओलांडावा लागतो, म्हणून आयत खेटून, आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही.

फटीचं उत्तर यातच आलं. १३५ आणि १३६ मधलं १ चं अंतर निम्मं करा. प्रत्येक खालच्या मर्यादेतून ०.५ वजा, वरच्या मर्यादेत ०.५ मिळवा. वर्ग १३०.५–१३५.५, १३५.५–१४०.५ असे सलग होतात. अक्ष शून्यापासून १३०.५ पर्यंत ओढत बसू नका, सुरुवातीला नागमोडी खूण करा. ही सवलत आडव्या अक्षालाच. उभा अक्ष शून्यापासूनच हवा, नाहीतर आयतांचं प्रमाण बिघडतं.

'आयत' शब्दाचा खरा कस लागतो तो वर्ग असमान असले की. १०–२० मध्ये ८ मुलं, २०–४० मध्ये १२. विद्यार्थी सरळ ८ आणि १२ उंचीचे आयत काढतात. क्षेत्रफळं होतात ८० आणि २४०, म्हणजे दीडपट संख्या तिप्पट दिसते. दुसऱ्या वर्गाची रुंदी दुप्पट आहे, म्हणून उंची १२ × १० ÷ २० = ६ घ्या; आता ८० आणि १२०. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९५ साली 'हिस्टोग्राम' हा शब्द छापला तेव्हाच वारंवारता (वर्गातली संख्या) क्षेत्रफळाने दाखवायची असं म्हटलं होतं. 'आयतालेख' हा शब्द घडवणाऱ्याने ते बरोबर हेरलं.