उन्हाळ्यात रोज व्हेज काय करायचं? भाज्या धड मिळत नाहीत आणि गॅसपाशी उभं राहवत नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझा इथला, विदर्भातला पहिला मे महिना आठवला. ठाण्याहून बदली होऊन नागपूरला आलात, पंखा लावला की गॅस विझतो आणि बंद केला की आपण विझतो, बाजारात पालेभाज्या अकरा वाजताच माना टाकतात, घरात सगळे शाकाहारी आणि 9 वर्षांचा मुलगा संध्याकाळ झाली की नूडल्सच मागतो. बरोबर ना? माझं माहेर चिपळूणचं, सासर अकोल्याचं, लग्नाला 23 वर्षं झाली, त्यामुळे दोन्हीकडचा उन्हाळा खाऊन झालाय. कोकणात पारा इथल्याइतका चढत नाही पण घामाने जीव जातो, इथे 44-45 ला घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतच नाही.

पहिल्या वर्षी मी दुपारी साडेबाराला गरम गरम पोळ्या करायला उभी राहिले. माहेरची सवय, पानात गरम पोळी पडली पाहिजे. सासूबाई कूलरसमोरून उठून आल्या आणि म्हणाल्या, "काहून वं, एवढ्या उन्हाचं पोया लाटून राह्यली?" मला वाटलं रागावल्या. तसं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं की ही असं का करतेय. त्यांच्या घरी एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर शेगडी पेटायची नाही, पेटली तर फक्त चहाला.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी मेन्यू सोडा, गॅस कधी आणि किती वेळ पेटणार ते ठरवा, मग पदार्थ आपोआप सुचतात. मी सकाळी सहाला सुरू करते. एकच कुकर, खाली अर्धा तास भिजवलेली तुरीची डाळ, मध्ये भात, वरच्या डब्यात दोन कैऱ्या. डाळ भिजलेली असली की शिट्ट्या कमी लागतात. बाजूच्या शेगडीवर भाकरी किंवा दशम्या. दशमी म्हणजे कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, दुपारी गार खाल्ली तरी मऊ राहते, पोळीसारखी वातड होत नाही. पावणेआठला सगळं आवरतं. दुपारी फक्त कालवणं, किसणं आणि फोडणी, आणि फोडणीसुद्धा मी सकाळीच एका छोट्या वाटीत दोन-तीन चमचे तेलाची करून गार करून ठेवते, मोहरी हिंग हळद, बास. कोशिंबिरीवर, दहीभातावर, किसलेल्या कैरीच्या तक्कूवर तीच जाते.

आता त्या कैऱ्यांचं. एकीचा गर काढून पन्हं, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, कैरी किती आंबट त्यावर, चिमूट मीठ, वेलची. हा घट्ट गर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि हवा तेव्हा पाण्यात कालवायचा, आधीच पाणी घालून जग भरून ठेवू नका, जागा अडते नुसती. दुसरीच्या गरात मी तिखट, गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालते, पानात डावीकडे वाढायला. कच्ची कैरी किसून, तिखट मीठ गूळ आणि वरून ती गार फोडणी घातली की तक्कू. त्यात कांदा किसून घाला, इकडे कांदा-कैरी भाकरीबरोबर इतकी खातात की भाजी केली नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आंबाडाळ तर करायलाच हवी. एक वाटी हरभरा डाळ भिजवायची, निथळायची, मिक्सरला पाणी न घालता भरड फिरवायची, अर्धी-पाऊण वाटी कैरीचा कीस, मीठ, थोडी साखर, सुक्या मिरचीची फोडणी. शिजवणं काही नाहीच. पण एक सांगते, इथे डाळ रात्रभर भिजवू नका. चैत्राच्या हळदीकुंकवाला मी चिपळूणच्या सवयीने रात्री भिजत टाकली, सकाळी बघते तर वर फेस, बोटाला बुळबुळीत आणि आंबूस वास, आणि दहा बायका पाच वाजता येणार! सासूबाईंनी ती डाळ निमूट बाजूला केली आणि म्हणाल्या चार तास पुरतात, दुपारी बाराला टाक. डाळीचा दाणा नखाने सहज तुटला की झालं. तेव्हापासून घड्याळ बघून भिजवते.

तसंच दह्याचं. इथे उन्हाळ्यात विरजण चार-साडेचार तासांत लागतं, रात्री लावून झोपलात तर सकाळी दात आंबतील असं दही मिळेल. मी सकाळी साडेनऊला लावते, दोनच्या सुमारास लागलं की लगेच फ्रीजमध्ये. दहीभात डब्यात द्यायचा असेल तर सगळं दहीच घालू नका, दोन वाट्या मऊ भाताला एक वाटी दूध आणि दोन चमचे दही, डबा उघडेपर्यंत ते बरोबर लागतं. वर सांडगी मिरची तळून चुरली की मग मला दुसरं काही नको असतं. चुकून आंबटच झालं दही तर कढी, तेवढ्यासाठी मात्र सकाळी दहा मिनिटं जास्त उभं राहायचं.

पोटाला गार आणि तरी भरलेलं वाटेल असं एकच काही सांग म्हणालात तर ज्वारीची आंबील. रात्री चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून ठेवायचं, सकाळी तीन वाट्या पाणी उकळलं की ते हळूहळू सोडायचं आणि ढवळत राहायचं, पाच-सात मिनिटांत चकाकी येते आणि दाट होतं. गार झालं की आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. नाचणीचीही होते. आमच्याकडे शाळेला सुट्टी लागली की मुलांना अकरा वाजता हाच नाश्ता. पहिल्यांदा तोंड वाकडं करतात, करू द्या, ग्लासात दिली की पितात, वाटीत दिली की नाही, कारण मला विचारू नका. दुसरं म्हणजे शिळी भाकरी ताकात कुस्करून काला, वर कच्चा कांदा. आणि दडपे पोहे, ते कोकणातले, पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, दहा मिनिटं दडपून ठेवायचे.

खोबऱ्यावरून आठवलं. ओलं खोबरं घातलेलं काहीही इथे दुपारपर्यंत बाहेर ठेवू नका. मी पहिल्या वर्षी कौतुकाने फणसाची भाजी केली भरपूर खोबरं घालून, दोन वाजता झाकण काढलं तर वास. फणसही माहेरून आणला होता, रडायलाच आलं. आता खोबऱ्याचं काही केलं तर लगेच खायचं नाहीतर फ्रीज. त्याच कारणाने सोलकढी करते ती जेवायला बसायच्या आधी अर्धा तास, सकाळी नाही.

भाज्यांचं म्हणालात, तर पालेभाजीच्या मागे लागूच नका मेमध्ये. दुधी, दोडका, काकडी, लाल भोपळा, कांदे, ही टिकणारी मंडळी. काकडी किसून तिला सुटलेल्या पाण्यातच थालीपिठाची भाजणी भिजवा, वेगळं पाणी लागत नाही. दुधी किसून वाफवून दह्यात रायतं. फक्त दुधी चिरल्यावर एक तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर सरळ फेकायचा, साखर घालून, मीठ लावून सुधारत बसायचं नाही, कडू दुधीने माणूस खरंच आजारी पडतो. काकडीचंही तेच.

आणि भाजी नसेल त्या दिवसासाठी या भागात खरी सोय असते ती वाळवणं. गच्चीवर चादरी घालून बायका उन्हाला शिव्या देत जे वाळवतात ना, ते सगळं फक्त पावसाळ्यासाठी नसतं. मुगाच्या वड्या थोड्या तेलात परतून कांदा-टोमॅटोच्या रश्शात टाकल्या की झाली भाजी. तुम्ही नवीन आहात तर घरी करत बसू नका, कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, शिजवा, पहिल्याच वर्षी हे नको. बचत गटाच्या बायका विकतात, शेजारी विचारा, कोणाकडे तरी कुरडया घालायचा दिवस असेलच, त्या दिवशी सोऱ्या फिरवायला मदतीला जा आणि गरम चीक खाऊन या, दूध-साखर घालून किंवा कच्चं तेल आणि मीठ घालून. त्याची चव लिहून सांगता येत नाही मला.

आमरस वेगळा सांगायला नको, आठवड्यातून दोनदा रस असला की बाकी काही लागतच नाही. इकडे रसाबरोबर सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेली कणकेची वळवटं) किंवा शेवया करतात, मला पहिल्यांदा ते विचित्र वाटलं होतं, आता पुरीबरोबर रस खाताना चुकल्यासारखं वाटतं. रस काढायच्या आधी आंबे तासभर पाण्यात ठेवा, आणि रसात चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप. माहेरी मात्र रायवळ आंब्यांचं रायतं असायचं, पिकलेले छोटे आंबे सोलून अख्खे, मोहरी आणि ओलं खोबरं वाटून त्यात गूळ, गॅस अजिबात नाही. मोहरी नाकात गेली पाहिजे तरच ते बरोबर झालं. इथे गावरान आंबे मिळतात त्यांचंही चांगलं होतं, आंबट निघाले तर गूळ वाढवा.

राहिला तुमचा मुलगा आणि त्याचे नूडल्स. चार-पाच कुरडया मोडून कोमट पाण्यात भिजवा, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा तार बोटाने वाकवून बघा, वाकली पण तुटली नाही की लगेच चाळणीत काढा, जास्त भिजल्या की लगदा. तेलात मोहरी, भरपूर उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची किंवा तिखट, हळद, आणि निथळलेल्या कुरडया घालून दोन-तीन मिनिटं परता. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण कुरडईत आधीच असतं. माझा भाचा मुंबईहून आला होता गेल्या मेमध्ये, दोन बशा खाल्ल्या आणि मला विचारतो, मामी हा कुठला ब्रँड?