ठरवतो तेवढं होत का नाही? संकल्पाविषयी वाचकांचे प्रश्न

दर पाडव्याला पहाटे फिरायला जायचं ठरवते. नव्याचे नऊ दिवससुद्धा टिकत नाही. इच्छाशक्ती वाढवायची कशी? (कराड)

वाढवायचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. गजर वाजल्यावर अंथरुणातच मनाशी वाद घालायचा, अशी तुमची रीत दिसते. त्या वेळी वादात मनच जिंकणार. जायचं की नाही, हा निर्णय आदल्या रात्रीच संपवून टाकायला हवा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला. ‘मी रोज चालेन’ हे नुसतं ध्येय झालं. ‘सकाळचा चहा पिऊन कप विसळला, की मी बूट घालेन’ ही योजना झाली. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. नुसत्या ध्येयापेक्षा योजना जोडलेलं ध्येय बऱ्याच जास्त वेळा तडीस गेलेलं आढळलं. ठरलेली खूण (इथे विसळलेला कप) समोर आली की कृती आपसूक आठवते. जावं की न जावं, हा विचार मध्ये येत नाही.

योजना कागदावर लिहा. खूण रोज घडणारी आणि दिसणारी हवी. ‘वेळ मिळाला की’ किंवा ‘उत्साह वाटला की’ या खुणा नव्हेत. पुष्कळ संकल्प तिथेच फसतात. कृती दोन मिनिटांत सुरू होईल इतकी लहान ठेवा: ‘चार किलोमीटर चालेन’ नको, ‘बूट घालून फाटकाबाहेर पडेन’ एवढंच. नेहमीच्या अडचणीसाठी दुसरं वाक्य लिहा: ‘पाऊस असला, तर गच्चीच्या जिन्यात दहा मिनिटं चढ-उतार करेन.’

‘संध्याकाळी फरसाण खाणार नाही’ अशी नकारार्थी योजना करू नका. तिने फरसाणच डोक्यात घोळत राहतं. ‘पाच वाजता भूक लागली की फुटाणे खाईन’ हे चालतं. आणि एका वेळी एकाच ध्येयाची योजना. पाच-सहा एकदम केल्या की त्या एकमेकींना मारतात आणि फायदा जवळजवळ उरत नाही. फिरायला जाणं तुम्हाला मनापासून नकोच असेल, डॉक्टर किंवा सूनबाई म्हणतात म्हणून चाललं असेल, तर कितीही नेटकी योजना चालणार नाही.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे विसरा. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांची नवी सवय १२ आठवडे नोंदवली. ज्यांचा अंदाज नीट बांधता आला, त्यांच्यातल्या निम्म्यांना ती अंगवळणी पडायला ६६ दिवसांपर्यंत, निम्म्यांना त्याहून जास्त लागतात असं दिसलं; नोंदींवरून पुढे काढलेला व्यक्तिगणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडला नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई दुप्पट चालून करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेला तेवढंच करा.

इच्छाशक्ती दिवसभरात संपते, तेव्हा काहीतरी गोड खावं, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का? (ठाणे)

इच्छाशक्ती संपते, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगावरून आली. समोर चॉकलेटचा वास आणि खायला फक्त मुळे, असं सोसलेल्यांनी न सुटणारं कोडं सरासरी आठ मिनिटांत सोडलं. चॉकलेट खाल्लेले सुमारे १९ मिनिटं चिकटून राहिले. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर याच कल्पनेची दुसऱ्या कामांनी चाचणी घेतली आणि परिणाम जवळपास शून्य निघाला. दमल्यावर चिडचिड होते, हे खरंच. पण शक्तीची टाकी रिकामी होते, असं मानायला आज भक्कम आधार नाही. साखरेचं समर्थन तर नाहीच.

आपण ठरवण्याआधीच मेंदू ठरवतो, असं विज्ञान सांगतं. मग संकल्पाला अर्थ काय? (पणजी)

तुमचा रोख मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाकडे आहे. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, आणि इच्छा झाली त्या क्षणी घड्याळावर वेगाने फिरणारा ठिपका कुठे होता, ते सांगायचं. मेंदूतला विद्युत-बदल हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झाला. इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी.

यावरून स्वातंत्र्य भ्रम ठरवणं घाईचं आहे. तो विद्युत-बदल एका हालचालीत दिसत नाही, चाळीसेक हालचालींची सरासरी काढावी लागते. २०१२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ आरॉन शुर्गर यांनी दाखवलं, की मेंदूतल्या यादृच्छिक (आपोआप, कसेही होणाऱ्या) चढ-उतारांपैकी एखादा उंबरठा ओलांडला की हालचाल होते, असं मानलं तरी हाच आलेख मिळतो. म्हणजे तो चढ ‘आधीच झालेला निर्णय’ असेलच असं नाही. शिवाय मनगट कधी हलवायचं, याला कारणच नव्हतं. नोकरी सोडावी का, दारू थांबवावी का, हे निर्णय कारणांवर, आठवडेच्या आठवडे घडतात. प्रयोगात भाग घेण्याचा निर्णयही त्या मंडळींनी आधीच घेतला होता!

गीता मन जबरदस्तीने आवरायला सांगते का? ध्यानाला बसलं की मन जास्तच पळतं. (नाशिक)

उलट तिसऱ्या अध्यायात विचारलं आहे, ‘निग्रहः किं करिष्यति’: प्राणी स्वभावाप्रमाणे वागतात, तिथे दडपून काय होणार? सहाव्यात मन वाऱ्यासारखं आवरायला अवघड, ही अर्जुनाची तक्रार मान्य करून उपाय दोन दिले: अभ्यास (म्हणजे पुन्हा पुन्हा सराव) आणि वैराग्य. पतंजलींचेही हेच दोन. अभ्यासाला ते तीन अटी घालतात: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने.

मन पळणं हे अपयश नव्हे. जिथे जिथे ते जाईल तिथून परत आणायचं, हीच कृती गीतेने सांगितली आहे; दहा मिनिटांत तीस वेळा आणलंत, तर तीस वेळा अभ्यास झाला. पहिल्याच दिवशी तासभर बसलात तर पाय दुखतील आणि चौथ्या दिवशी आसन गुंडाळलं जाईल. वैराग्य मात्र योजनेच्या युक्तीने येत नाही. मन जिच्याकडे धावतं त्या वस्तूतून खरोखर काय मिळतं, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. मानसशास्त्राची तंत्रं इथे थिटी पडतात, असं आमचं मत आहे.

मुलगा महिनाभर अंथरुणातून उठत नाही, आवडता क्रिकेटचा सामनाही बघत नाही. आळशी म्हणावं का? (लातूर)

नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदासी किंवा कशातच रस न वाटणं, आणि सोबत झोप, भूक किंवा एकाग्रता बिघडणं ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. ‘जरा मनावर घे’ असं म्हणू नका. त्याने अपराधीपणा तेवढा वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे या आठवड्यातच न्या. जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर एकटं सोडू नका आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.